डावीकडे, वळणावर, एक माणूस

खाणीवर तिला सगळे बोलकीबाई म्हणायचे. खरं तर ती स्वतः मोजकंच बोलायची. दुसऱ्यांना बोलायला लावायची. नाव पडलं ते त्यामुळे.

तिचं काम डंपर चालवणाऱ्यांना सुरक्षितपणे चालवायला शिकवण्याचं. आधी वर्गात. पत्र्याच्या लांबट खोलीत, डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याखाली, ती हेल्मेटच्या पट्ट्यापासून ब्रेकच्या तापण्यापर्यंत सगळं समजावून सांगायची. ड्रायव्हर लोक जांभया देत ऐकायचे. पण खरं शिक्षण गाडीत. तिथे तिचा नियम एकच होता. गाडी चालवताना जे जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. "उजवीकडे सायकलवाला, मान फिरवत नाहीये, आडवा येईल, मी वेग कमी करतो," असं. डोळ्यांनी पाहिलेलं तोंडातून बाहेर पडलं की मन दुसरीकडे भरकटत नाही, असं तिचं म्हणणं. स्वतः कित्येक वर्षं पाण्याचा टँकर खाणीच्या चढउतारांवर चालवून ती या कामावर आली होती, त्यामुळे तिच्या म्हणण्याला वजन होतं.

सुरुवातीला सगळे लाजायचे. चांगले दांडगे गडी, पण एकट्याने बडबडत गाडी हाकायची म्हणजे त्यांना अगदी वेड्यात काढल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू जीभ सैल व्हायची.

ही चुनखडीची खाण तिला नवीन होती. डोंगराला भलामोठा वाडग्यासारखा खड्डा पाडलेला, आणि त्याच्या कडेकडेने वरून खाली उतरत जाणारा पांढरा रस्ता. भरलेले डंपर तळातून वर चढायचे, रिकामे वरून खाली यायचे. रस्त्याच्या दरीकडच्या बाजूला मातीदगडांचा बुटका बांध. अर्ध्या उतारावर एक अवघड वळण होतं. तिथे डोंगराचं नाक पुढे आलेलं, म्हणून समोरून येणारी गाडी दिसायची नाही. त्या नाकाला खांबावर एक मोठा गोल आरसा लावलेला होता.

पहिल्यांदा ते घडलं पोपटच्या पाळीला. पोपट म्हणजे खाणीतला सगळ्यात बडबड्या ड्रायव्हर. त्याला बोलत चालवायला सांगणं म्हणजे आयतीच चैन. बोलकीबाई त्याच्या डावीकडच्या सीटवर बसली होती आणि तो रेडिओवर सामना सांगितल्यासारखा सुटला होता.

"पुढे उतार, गिअर खाली घेतला. डावीकडे पाण्याचा टँकर उभा, ड्रायव्हर खाली उतरलेला, दार उघडं, मी जागा सोडून जातो. पुढे वळण. वळणावर डावीकडे झेंडेवाला, हिरवा दाखवतोय. रस्ता मोकळा. वळलो. पुढे..."

बोलकीबाईने मान वळवली. डावीकडे तिचीच खिडकी. खिडकीबाहेर डोंगराची पांढरी कापलेली भिंत, आरशाचा खांब, ऊन. माणूस नव्हता.

"कोण म्हणालात?" तिने विचारलं.

पण पोपट केव्हाच पुढच्या खड्ड्यावर बोलायला लागला होता. फिरकी घेतोय आपली, असं तिला वाटलं. नव्या शिक्षिकेची फिरकी सगळेच घेतात. तिने मनावर घेतलं नाही.

त्यानंतर ज्याची पाळी होती त्याला सगळे घुम्या म्हणायचे. पोराच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं. "समोर... खड्डा," तो म्हणायचा आणि मग पुढचं सगळं गिळून टाकायचा. बोलकीबाई धीराने बसून राहिली. वळण आलं. घुम्याने वेग कमी केला, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून कोणाला तरी ओळख दिली, आणि पुटपुटला, "झेंडेवाले काका. हिरवा."

तिने झटकन बाहेर पाहिलं. भिंत, खांब, ऊन.

घुम्या कोणाची फिरकी घेणारा नव्हता. त्याला साधा विनोद सांगितला तरी तो कावराबावरा व्हायचा.

तळाला गाडी उभी राहिल्यावर तिने आवाज अगदी साधा ठेवत विचारलं, "ते काका कसे दिसतात रे?"

घुम्याने विचार केला. "म्हातारे आहेत. पिवळं जॅकेट. हेल्मेटचा पट्टा लावत नाहीत हनुवटीला." आणि मग जरा घाबरून, "तुम्ही त्यांना ओरडणार का, बाई?"

"नाही," ती म्हणाली. "नाही ओरडणार."

तिथे कोणी नाही, हे तिने त्याला सांगितलं नाही. चाळीस टनांचं धूड घेऊन उतारावर जाणाऱ्या पोराच्या मनात भलतं भूत घालायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे उत्तर असायचं. एका ट्यूबला ठिगळ लावता लावता तो म्हणाला, "पांढरा दगड, वर टळटळीत ऊन. डोळ्यांवर झापड येते. कोणालाही माणूस दिसेल."

"दोघांना एकच? पट्टा न लावलेला?"

"मग तुला का दिसत नाही?" त्याने विचारलं. चेष्टेतच विचारलं होतं, पण तिला ते चांगलंच झोंबलं. इतकी वर्षं ती लोकांना पाहायला शिकवत आली होती.

दुसऱ्या दिवशी ती सेफ्टीसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब तरुण होते, सज्जन होते आणि कायम घाईत असायचे.

"अर्ध्या उतारावरच्या वळणावर झेंडेवाला असतो का?" तिने विचारलं.

"असायचा. सिग्नलकाका म्हणायचे सगळे. जन्म गेला त्यांचा त्या वळणावर. आता आरसा बसवलाय ना, ती जागाच रद्द झाली. तुम्ही यायच्या थोडं आधीच निवृत्त झाले."

"आणि मग... गेले का ते?"

"गेले म्हणजे?" साहेब हसले. "छे हो! चांगले ठणठणीत आहेत. मुलीकडे राहतात, टायरच्या गोदामामागे. का, काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. मेलेला माणूस दिसतो म्हटलं तर निदान लोक समजू तरी शकतात. जिवंत माणूस दिसतो, याला काय म्हणायचं तेच तिला सुचेना.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती टायरच्या गोदामामागच्या गल्लीत गेली. घर दोन खोल्यांचं, पुढे चिंचोळं अंगण. दारातच एक बाई शिलाई मशीनवर बसून कामगारांचे जाड हातमोजे शिवत होती. बाजूला मोज्यांचा ढीग, सगळ्यांची बोटं वर. ती सिग्नलकाकांची मुलगी. खाणीवरून आले म्हटल्यावर तिने मशीन थांबवलं आणि पहिलं विचारलं ते, "काही तक्रार आहे का बाबांची?"

"तक्रार कसली? भेटायला आले."

मुलीने मानेनेच अंगणाच्या टोकाकडे खूण केली. "ते बघा. जेवण झालं की जाऊन उभे राहतात. शिफ्ट सुटायची वेळ झाली की आत येतात. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले जन्माची सवय आहे, राहू द्या उभं, फक्त पाणी पाजत जा."

अंगणाच्या टोकाला, वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे, एक म्हातारा भिंतीला पाठ लावून उभा होता. अंगात पिवळं जॅकेट, विटून पांढुरकं झालेलं. डोक्याला हेल्मेट. हनुवटीखाली पट्टा लोंबत होता. हातात काहीच नव्हतं, तरी उजवा हात आडवा धरलेला होता. नजर समोरच्या चादरींवर, पण चादरींवर थांबत नव्हती.

बोलकीबाई जवळ जाऊन उभी राहिली. काकांनी हात खाली घेतला, तिच्याकडे निरखून पाहिलं आणि अगदी ओळखीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही होय! डावीकडच्या सीटवर बसता त्या."

ती या माणसाला आयुष्यात कधी भेटली नव्हती.

"सगळे हात करतात," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, थोडं वाईट वाटल्यासारखं होतं. "तो घुम्यासुद्धा बोट उचलतो. पोरगा गुणी आहे, गिअर वेळेवर टाकतो. तुम्ही मात्र माझ्यातून आरपार बघता. मी म्हटलं, बाई मोठ्या असतील, कशाला ओळख देतील."

"तसं नाही, काका." ती म्हणाली. "मला... तुम्ही दिसत नाही हो."

काकांनी वर आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऊन फार असतं तिथे."

"काका, तिथे आता आरसा आहे. तुम्हाला सुट्टी मिळाली ना? मग का उभे राहता?"

"आरशावर धूळ बसते. पुसतं कोण?" त्यांनी पुन्हा हात आडवा केला. "कोणीतरी उभं असावं लागतं, बाई. थांबा जरा, गाडी येतेय."

आणि चादरींकडे बघत त्यांनी मान हलवली. चादरी वाऱ्याशिवाय लोंबकळत होत्या. बोलकीबाईला एक क्षण, फक्त एक क्षण, तापलेल्या डिझेलचा वास आला. कदाचित गोदामातल्या टायरांचा असेल, असं तिने स्वतःला बजावलं.

मुलगी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मी कुठे बाहेर जाऊ शकत नाही, ताई. मला आधी खाणीतच काम मिळत होतं. पण यांना एकटं कसं टाकू? मध्येच ऊन लागून पडले तर?" मग आवाज बारीक करून, "त्यांना खरंच काही दिसतं का हो?"

"माहीत नाही," बोलकीबाई म्हणाली. तिला खोटं बोलायला आवडायचं नाही आणि खरं बोलायची छाती झाली नाही.

त्यानंतरचे काही दिवस ती त्या वळणावर आली की भिंतीकडे बघून हात करायची. ड्रायव्हर लोकांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. तिलाच आपण कोणाला हात करतोय ते कळत नव्हतं. एकदा तिने गाडी थांबवून फडक्याने आरसा पुसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पांढरा झाला होता.

मग पैलवानाची पाळी आली. पैलवान दुसऱ्या खाणीतून नुकताच बदलून आलेला, खांदे दारात मावायचे नाहीत असा गडी. त्याला सिग्नलकाका कोण हे ठाऊक नव्हतं आणि बोलकीबाईने मुद्दाम कोणाला सांगू दिलं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं. डंपर तळातून दगडाने शिगोशीग भरून वर चढत होता. मागून घुम्याची गाडी येत होती, तीही भरलेली.

"चढ. दुसरा गिअर. मागे गाडी, अंतर बरं आहे," पैलवान जाड आवाजात बोलत होता. "पुढे वळण. आरसा आहे, काही दिसत नाही त्यात. वळणावर माणूस, पिवळं जॅकेट..."

तो थांबला.

"बोल," ती म्हणाली. "थांबू नकोस."

"लाल!" पैलवानाने ब्रेक दाबला. सगळा डंपर हुंदका दिल्यासारखा हलला. "दोन्ही हात वर केलेत त्याने. ओरडतोय. ऐकू येत नाही, पण ओरडतोय."

बोलकीबाईने समोर पाहिलं. पांढरा रस्ता. बांध. आंधळा आरसा. रस्ता कालसारखा, परवासारखा. त्यावरून आज सकाळपासून कितीतरी गाड्या गेल्या होत्या.

रेडिओ खरखरला. वरच्या कंट्रोल रूममधला माणूस वैतागून म्हणाला, "काय झालं? का थांबलात मध्येच? क्रशर रिकामा फिरतोय इथे."

"थांबलोय," ती म्हणाली. "मागच्या गाड्याही थांबवा. वरून कोणाला खाली सोडू नका."

"दरड आलीय का?"

"नाही."

"मग तुम्हाला दिसलं काय?"

आता काय सांगायचं? वर्गात ती रोज घसा फोडून सांगायची, की शंका आली की थांबा, थांबण्याचं कारण मागाहून शोधता येतं. ऐकायला सोपं होतं. प्रत्यक्षात पैलवान भेदरून तिच्याकडे बघत होता आणि तिच्या स्वतःच्या डोळ्यांना मोकळा रस्ता दिसत होता. नोकरी नवीन. उद्या लोक म्हणतील, बाईला भास होतात.

"मला दिसलं नाही," ती शेवटी म्हणाली. "ड्रायव्हरला दिसलं. माझा ड्रायव्हरवर विश्वास आहे. घुम्या, ऐकतोयस का? सावकाश मागे घे. सांगते तशी घे. आम्ही तुझ्यामागोमाग येतो."

दोन्ही गाड्या इंच इंच मागे सरकल्या. खालच्या रुंद टप्प्यावर पोचेपर्यंत रेडिओवरचा माणूस बडबडत होता. पैलवानाच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण नजर वळणावरून हटत नव्हती. "अजून हात वरच आहेत," तो पुटपुटत होता. "अजून वरच."

मग बांधावरचा एक दगड आपणहून घरंगळला. त्याच्यामागून थोडी माती. आवाज असा काही झालाच नाही सुरुवातीला. जुनं धोतर टरकावं तसा बारीकसा. पांढऱ्या रस्त्यावर एक काळी रेघ उमटली, रुंदावली, आणि वळणाचा सगळा भाग, बांधापासून भिंतीच्या पायथ्यापर्यंत, जणू कोणी खालून हात काढून घेतला तसा बसला आणि खाली गेला. आवाज त्यानंतर आला. धुळीचा लोट वर उठला आणि ऊन झाकोळलं.

"अरे!" पैलवान दार उघडून खाली उडी मारत ओरडला. "तो माणूस! तो माणूस तिथे उभा होता!"

तो धुळीत पळत सुटला. बोलकीबाईने मागून धावत जाऊन त्याच्या जॅकेटला धरलं. तो तिच्या दुप्पट होता, पण ती लोंबकळली. "पुढे जाऊ नकोस! अजून सुटेल कडा!"

"त्याने आपल्याला वाचवलं, बाई, आणि तो गेला!" पैलवान लहान मुलासारखा रडत होता. घुम्या आपल्या गाडीच्या पायरीवर उभा होता.

धूळ बसली तेव्हा आरशाचा खांबही जागेवर नव्हता. सेफ्टीसाहेब मागच्या पायवाटेने धावत खाली आले. पैलवान छातीठोक सांगत होता की खाली माणूस गाडला गेलाय. माणसं मोजली गेली, पुन्हा मोजली गेली. सगळी हजर होती. साहेब गोंधळून बोलकीबाईकडे बघायला लागले. तिने त्यांना काही सांगितलं नाही. तिने पैलवानाचा दंड धरला आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

वाटेत तिच्या मनात एकच होतं. पैलवान म्हणाला ते खरं असेल तर? वळणाबरोबर खाली गेलेला माणूस गल्लीतल्या अंगणात कुठल्या अवस्थेत असेल?

मशीन बंद होतं. मुलगी आतल्या खोलीत खाटेपाशी बसली होती, हाताला तेल लागलेलं. "बरं झालं आलात, ताई," ती म्हणाली. "आज भलतंच झालं. जेवता जेवता ताटावरून उठले, अंगणात गेले आणि दोन्ही हात वर केले. खाली घेईनात. मी ओढले, शेजारच्यांनी ओढले, हात खांबासारखे. तोंड उघडं, पण आवाज नाही. आणि मग एकदम मटकन खाली बसले. हात तेवढे वरच. तासभर तेल चोळलं तेव्हा सुटले."

खाटेवर काका झोपले होते. छाती संथ वरखाली होत होती. पैलवानाने वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकून दाराच्या चौकटीला धडकला. त्याने बोलकीबाईकडे पाहिलं. तिने मान डोलावली. त्यानंतर पैलवान उंबऱ्यावर बसून राहिला, आपले मोठाले पंजे मांडीवर उलटे टाकून.

काका दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले. उठले ते भूक लागली म्हणत. बोलकीबाई पुन्हा गेली तेव्हा ते खाटेवर बसून चहात बिस्किट बुडवत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "कोण गं या?"

"खाणीवरच्या बाई, बाबा. परवा आल्या होत्या ना."

"असं का. बसा, बसा," काका म्हणाले. डोळ्यांत ओळखीचं काही नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाचे निवांत, थोडे पाणावलेले डोळे. बोलकीबाईला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी कोणीतरी पाठीमागचं दार उघडं टाकून गेल्यासारखं वाटलं. त्यानंतर ते अंगणात उभे राहिले नाहीत. हेल्मेटमध्ये मुलीने कपड्यांचे चिमटे ठेवायला सुरुवात केली.

खाणीच्या अहवालात लिहिलं गेलं की दक्ष चालकाने बांधावरील हालचाल वेळीच टिपली. पैलवानाला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली, ती घेताना त्याचा चेहरा पडला होता. डोंगराच्या दुसऱ्या अंगाने नवा रस्ता कापला. त्यालाही एक वळण होतंच. तिथे माणूस हवाच, म्हणून बोलकीबाई साहेबांशी भांडली, आणि साहेबांनी फार ताणलं नाही. ती जागा मिळाली काकांच्या मुलीला. आता बापाला एकटं सोडता येत होतं. पहिल्याच दिवशी पोपट मोठ्याने म्हणाला, "वळणावर डावीकडे झेंडेवाली, हिरवा दाखवतेय," आणि बोलकीबाईने बाहेर पाहिलं तर खरोखरच तिथे हाडामांसाची बाई उभी होती, हनुवटीखाली पट्टा घट्ट आवळलेला. बोलकीबाईने इतक्या जोरात हात केला की पोपट हसायला लागला.

पण एके दिवशी मुलगी तापाने घरी राहिली आणि बदलीचा माणूस वेळेवर पोचला नाही. घुम्या गाडी चालवत होता. त्याची जीभ आता बरीच सुटली होती.

"पुढे वळण," तो म्हणाला. "वळणावर कोणी नाही."

"नीट बघ."

त्याने नीट पाहिलं. "नाही, बाई. कोणीच नाही."

"थांबव गाडी," ती म्हणाली.

ती खाली उतरली. खडी करकरली. बांधाच्या कडेकडेने ती चालत गेली, वाकून भेगा पाहिल्या, पायाने माती दाबून पाहिली, वळणापलीकडे मान काढून खालचा रस्ता न्याहाळला. कुठेही काही नव्हतं. एवढी पोकळ शांतता तिने कधी ऐकली नव्हती. मग ती जिथे झेंडेवाली उभी राहायची तिथे जाऊन उभी राहिली, भिंतीला पाठ लावून, आणि बदलीचा माणूस धापा टाकत येईपर्यंत येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवत राहिली.